सतरा दिवस आणि नकाशातली केळी

मी पोटापाण्यासाठी काय करते हे जळगावच्या पिंप्राळ्यात आजवर कोणाला नीट समजावता आलेलं नाही, आणि आता मी तो नाद सोडलाय. शेजारच्या वहिनी एकदा ऑफिसात डोकावल्या. माझ्या स्क्रीनवर नकाशा होता, नकाशावर बारीक बारीक गाड्या, गाड्यांभोवती रंगीत गोल. त्या खाली उतरल्या आणि गल्लीभर सांगून आल्या की ही बाई दिवसभर गेम खेळते आणि वर पगार घेते. मला राग आला. मग वाटलं, चाळीशीला टेकलेल्या बाईबद्दल लोक याहून वाईट बोलतात.

आमचं ऑफिस पिठाच्या गिरणीच्या वर आहे. गिरणी सुरू झाली की जमीन थरथरते, आणि कॉम्प्युटरच्या पंख्यातून ज्वारीचं पीठ निघतं. मालक राजस्थानातून आलेल्या कापडवाल्यांच्या घरातला. त्याचे वडील अजून विचारतात, "अरे, जो माल दिसतच नाही तो तू विकतोस कसा?"

तर माल असा. फौजेत तोफा-रणगाड्यांखेरीज आणखी एक लढाई चालते, ती डोळ्यांना दिसत नाही. समोरच्याचा वायरलेस ऐकायचा, तो कुठून बोलतोय ते हुडकायचं, आणि वेळ पडली तर त्याच्या कानात एवढा गोंगाट सोडायचा की त्याचं बोलणंच बंद व्हावं. ऐकणाऱ्या गाड्या वेगळ्या, गोंगाट करणाऱ्या वेगळ्या. त्यांना जॅमर म्हणतात. गाड्या कायम कमी आणि डोंगर कायम जास्त. मग कोणती गाडी कुठे उभी करायची, किती वेळ चालू ठेवायची, कधी हलवायची, हे सगळं आधी खोट्या नकाशावर खेळून बघायचं. ती खोटी लढाई चालवणारा प्रोग्रॅम आम्ही लिहितो. पुण्याच्या एका मोठ्या कंपनीने त्यातला एक तुकडा आमच्याकडे दिलाय.

खरे नकाशे आम्हाला कोणी दाखवत नाही. दाखवूही नयेत, आमच्याकडे गिरणीतली दळणाची पिशवीसुद्धा चुकून वर येते. म्हणून आमची सगळी चाचणी आमच्याच मुलखाच्या नकाशावर, यंत्रांचे आकडे मनाने घातलेले. जळगाव म्हणजे आपण, धुळे म्हणजे शत्रू. आम्ही सगळे जळगावचे असल्यामुळे यात कोणाला काही खटकलं नव्हतं.

मग नाना आले, ते धुळ्याचे निघाले.

नाना फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सगळी नोकरी याच ऐकण्या-हुडकण्यात गेली. आम्ही नुसते पुस्तकी, म्हणून पुण्याच्या लोकांनी सांगितलं की एखादा जाणता माणूस सल्ल्याला ठेवा. आठवड्यातून दोन दिवस, मंगळवारी आणि गुरुवारी, ते धुळ्याहून एसटीने यायचे. पांढरा शर्ट कडक इस्त्रीचा, हातात डबा, पायात चकचकीत बूट. पहिल्या दिवशी नकाशा बघितला आणि विचारलं, "शत्रू कोण?"

मी म्हटलं, "धुळं."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "चालू द्या," म्हणाले.

मी मोठ्या तोऱ्यात माझी योजना दाखवली. सहा जॅमर होते, सहाही एकदम चालू केले. धुळ्याचा वायरलेस पहिल्याच मिनिटाला गार. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. एरवी नाना आपल्यासारखंच मराठी बोलतात, पण खुशीत आले किंवा चिडले की गावची अहिराणी सुटते. ती सुटली.

"ताई, तुम्ही तं बठ्ठाच जॅमर लाई दिन्हात. आते तुमना सोताना वायरलेस कसा चाली?"

बघितलं तर खरंच की! धुळ्याबरोबर मी जळगावचंही तोंड बंद केलं होतं. पुढच्या मिनिटाला धुळ्याने माझे सहाही जॅमर हुडकले, कारण एवढा गोंगाट करणारी गाडी आंधळ्यालाही सापडते. नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. तीन महिने घासून लिहिलेला प्रोग्रॅम, आणि या गृहस्थांनी चहा थंड व्हायच्या आत त्याचं भरीत केलं. पुढे पंधरा दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. त्यांना ते कळलंसुद्धा नाही, कारण ते स्वतः कामापुरतंही बोलत नाहीत.

मला त्यांनी एकच गोष्ट पन्नास वेळा शिकवली. ऐकणारा दिसत नाही. बोलणारा दिसतो. बटण दाबून तुम्ही एक शब्द बोललात, की समोरच्याच्या तीन ऐकणाऱ्या चौक्या आपापल्या जागेवरून तुमच्या दिशेला एकेक रेषा ओढतात, आणि तिन्ही रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे तुम्ही. मी म्हणायची, "हो नाना, कळलं." ते म्हणायचे, "कळत नाही ताई. ऐकून कळत नाही कोणाला."

हे ते माझ्याबद्दल बोलत नव्हते, हे मला उशिरा समजलं.

नाना ऑफिसात असले की साडेबाराला धुळ्याहून अक्कांचा फोन यायचा. अक्का म्हणजे नानांच्या सौभाग्यवती. वर्षानुवर्षं हेडफोन लावून नानांचा एक कान मंद झालाय, म्हणून फोन स्पीकरवर. त्यामुळे आमचं अख्खं ऑफिस त्यांचा संसार ऐकायचं.

"जेवनात का?"

"हां. ठेव."

"ठेव काय? एक मिनिट बोलाले तोंड दुखस का? सतरा दिनवाला माणूस!"

असं दर खेपेला. शेवटी एकदा मालकाने विचारलंच, "नाना, हे सतरा दिवस काय प्रकरण आहे?" मला वाटलं आता विषय बदलतील. पण त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं.

त्यांना मुलगी झाली तेव्हा ते कुठल्याशा डोंगरावर होते. कुठल्या, ते आजही सांगत नाहीत. एक गाडी, थोडी माणसं, टेलिफोन नाही, आणि वायरलेसवर बोलायला सक्त मनाई. नुसतं ऐकायचं. मुलगी झाल्याचा निरोप मागच्या ठाण्यावरून वायरलेसवर आला, आणि तो पोचवल्याचं पलटणीने अक्कांच्या वडिलांना कळवलंही. म्हणजे निरोप पोचलाय हे धुळ्यात सगळ्यांना ठाऊक. आणि नानांकडून सतरा दिवस काहीच नाही. डोंगरावरून उतरले तेव्हा पहिला फोन केला.

तोवर बाजेवरच्या बाईच्या मनात जे बसायचं ते बसलं होतं. मुलगी झाली म्हणून माणूस रुसला. आजूबाजूच्या बायकांनी त्यात तेल ओतलं. नानांनी घरी आल्यावर सांगितलं की हुकूम होता. अक्का म्हणाल्या, एका शब्दाने कोणता डोंगर कोसळणार होता? तिथून ती गोष्ट भावकीत चेष्टेची झाली. बारशात, हळदीत, वास्तुशांतीत, कुठेही चार बायका जमल्या की सतरा दिवस निघायचे, आणि अक्काच सगळ्यात मोठ्याने हसायच्या.

"पोरगी पण हसते," नाना म्हणाले. "लग्नात सासरी निघताना तिनं माझ्या कानाशी येऊन विचारलं, बाबा, खरंच रुसला होतात का? मी म्हटलं, नाही गं. तर म्हणाली, असू द्या."

त्यांनी कप परत उचलला. "तिचं ते 'असू द्या' मला झोपू देत नाही, ताई."

खाली गिरणी चालू होती आणि कप थरथरत होते.

त्यानंतर माझा राग गेला. आणि मग केळीचं प्रकरण झालं. प्रोग्रॅम शेताला शेत समजायचा, म्हणजे मोकळं रान. नाना म्हणाले, केळीची बाग मोकळी नसते. दोन पुरुष उंच, पान न् पान पाण्याने भरलेलं, वायरलेसचा आवाज पिऊन टाकते. मी म्हटलं, पुरावा? ते म्हणाले, चला फैजपूरला.

मालकाच्या ओळखीची बाग होती. परवाना लागत नाही असले दोन छोटे वॉकी-टॉकी घेतले. नाना एक घेऊन बागेत शिरले. मी बांधावर तिपाई मांडून तिच्यावर आवाजाचा जोर मोजायचं यंत्र बसवलं. आणि तिथेच घात झाला. आपल्याकडे बांधावर तिपाई मांडली की त्याचा एकच अर्थ होतो.

पहिला शेतकरी सायकलवरून उतरला. "काय मोजू राहिले ओ?"

"काही नाही भाऊ, वायरलेस."

"ते ठीक. रस्ता कुठून जाऊ राहिला ते सांगा."

"रस्ता नाही हो."

"मंग बायपास?"

अर्ध्या तासात चौदा माणसं जमली. एक जण सातबारा घेऊनच आला. एका आबांनी मला बाजूला घेऊन समजावलं की रस्ता सरळ नेण्यापेक्षा जरा उजवीकडे, त्यांच्या चुलतभावाच्या बागेतून नेलेला बरा, तिथे जमीन पक्की आहे. मी घसा ताणून सांगत होते की आम्ही रस्तेवाले नाही, आणि मी जितकं नाही म्हणत होते तितकी त्यांची खात्री पटत होती. इकडे वॉकी-टॉकीवर नुसती खरखर. चाळीस पावलांपर्यंत नानांचा आवाज आला, मग फुटला, मग संपला. नाना आत हरवले होते आणि ओरडून सांगत होते की मी हरवलोय. म्हणजे प्रयोग छान चालला होता. शेवटी ते भलत्याच बाजूने, दुसऱ्याच्या शेतातून बाहेर आले. पांढऱ्या शर्टावर केळीच्या चिकाचे डाग. तो डाग कशानेही जात नाही. साडेबाराच्या फोनवर त्यांनी अक्कांना ते सांगितलं, आणि पुढचं बोलणं मी लिहीत नाही.

पण मोजमाप हाती आलं. नकाशात पाण्याखालच्या, म्हणजे ओलिताच्या, पिकाला एकच गडद हिरवा रंग असतो. मी त्या हिरव्याला केळीचे सगळे गुण दिले, केळीच्या यावल-रावेर पट्ट्यात चार वेळा चालवून बघितलं, अगदी बरोबर आलं. स्वतःच्या पाठीवर थाप मारून घेतली.

त्याच आठवड्यात नानांनी मालकाला विचारलं. हात पाठीमागे बांधून, वरिष्ठापुढे उभे राहतात तसे. "साहेब, एक अर्ज होता. हा नकाशा तर आपला घरचाच आहे, यात गुपित काही नाही. एखाद्या रविवारी माझ्या मंडळींना दाखवला तर चालेल का?"

मालक म्हणाला, "नाना, चालेल काय, मी जिलबी आणतो."

रविवारी गिरणी बंद. अक्का आल्या. ठेंगण्या, डोळे तेज, हातात भला मोठा डबा. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, ठेचा, शेवभाजी. आधी सगळ्यांना खाऊ घातलं. मग मी त्यांना माझ्या खुर्चीवर बसवलं.

"अक्का, या लढाईत तुम्ही शत्रू."

"ते त्यास्ले माहीत शे," अक्का म्हणाल्या.

मी धुळ्याजवळच्या लळिंगच्या डोंगरावर नानांची गाडी ठेवली. खाली धुळ्याच्या सपाटीवर, पांझरा नदीच्या आजूबाजूला, अक्कांच्या तीन ऐकणाऱ्या चौक्या. सांगितलं की नाना आता वायरलेसवर एक वाक्य बोलतील, आणि मग बघा तुमच्या तीन चौक्या त्यांना कशा पकडतात. नानांनी शर्टाची बाही सारखी केली. बटण दाबलं.

काही झालं नाही. खाली अक्षरं आली, 'बोलणारा सापडला नाही.'

नानांनी परत दाबलं. सापडला नाही. मी गाडीचा जोर वाढवून पूर्ण केला. दहा सेकंद, वीस सेकंद, अख्खं मिनिट. अक्कांच्या तिन्ही चौक्या ठार बहिऱ्या.

नानांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, हे बरोबर सांगतंय का?"

आणि मी, अक्कल गहाण ठेवलेली बाई, काय म्हणाले? म्हणाले, "नाना, प्रोग्रॅम चुकणार नाही. फैजपूरला मोजून घातलंय सगळं."

अक्का खुर्चीवरून उठल्या. मला वाटलं, आता हसतील, सतरा दिवसांचा शेवटचा टोला हाणतील. पण त्या हसल्या नाहीत. पदर सारखा केला, आणि फार हळू बोलल्या, "म्हंजे बोलता येत व्हतं." एवढंच. त्या मनातून पटवून घ्यायला आल्या होत्या हो! इतकी वर्षं हसणारी बाई, त्या दिवशी हरायची तयारी करून धुळ्याहून आली होती, आणि मी तिला जिंकवून परत पाठवलं. जिलबी तशीच राहिली.

मंगळवारी नाना आले नाहीत. गुरुवारीही नाहीत. मी फोन केला तर म्हणाले, तब्येत बरी नाही. मग म्हणाले, "ताई, मी विचार करतोय. कदाचित बोललो असतो तरी चाललं असतं. उगाच घाबरलो असेन मी."

बायकोला पटलं नाही इथवर ठीक होतं. पण आता या माणसाचा स्वतःवरचाच विश्वास उडाला होता. ज्याच्या भरवशावर त्याने सतरा दिवस दात आवळून काढले, आणि नंतर सगळा जन्म बोलणी खाल्ली, तेच खोटं होतं असं त्याला माझ्या कॉम्प्युटरने सांगितलं होतं.

मी प्रोग्रॅम उघडला. डोंगर बघितला, बरोबर. अंतर बघितलं, बरोबर. आकडे ओळीने तपासले. मग आवाज वाटेत कुठे मरतो ते बघायला चौक्यांच्या जवळ गेले, आणि कपाळाला हात लावला.

केळी! धुळ्यात केळी! पांझरेच्या काठाने, विहिरींच्या भोवती, कालव्याच्या खाली, नकाशावर जिथे जिथे हिरवा ठिपका, तिथे तिथे माझी दोन पुरुष उंच, पाण्याने टच्च भरलेली केळीची बाग. मी जळगावची. पाण्याखालचं हिरवं म्हणजे केळी. दुसरं काही असतं हा विचार मला शिवलासुद्धा नव्हता. तिथे कांदा होता, मका होता, गुडघ्याएवढी मिरची होती. अक्कांच्या तिन्ही चौक्या मी कोणीच न लावलेल्या केळीत गाडून टाकल्या होत्या, मग त्यांना ऐकू काय येणार, कपाळ?

मालक म्हणाला, "फोन करून सांग ना." मी म्हटलं, असली चूक फोनवर कबूल करत नाहीत. लॅपटॉप पिशवीत घातला आणि धुळ्याची एसटी पकडली. एरंडोल, पारोळा, खड्डे, वाटेत एक बाई शेजारी बसून मला स्थळं विचारत होती. तिच्याशी काय बोलले ते मला आठवत नाही.

दार अक्कांनी उघडलं. नाना ओसरीवर बनियनवर बसले होते, इस्त्री नाही काही नाही. मला बघून गडबडीने उठले, शर्ट शोधायला लागले.

मी उंबऱ्यातूनच बोलले. "अक्का, चूक माझी आहे. नानांची नाही. मी धुळ्यात केळी लावली."

अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. "धुयामा केयी? पानी कोठे शे?"

मग मी सगळं उलगडून सांगितलं. त्यांना चुकीचा राग नाही आला. आपल्या गावात कोणी परस्पर केळी लावावी याचा आला. चहा नाही, पाणी नाही, मला ओसरीवरच बसवून म्हणाल्या, "उघाड ते यंत्र. दखाड कोठे लाई तू केयी." मी नकाशा उघडला. आणि अक्का बोट ठेवून सांगायला लागल्या. इथे कांदा. इथे मका. इथे मिरची, पण औंदा नाही लावली. इथे काहीच नाही, हे त्यांच्या भावाचं पडीत वावर, हिरवं कोणी रंगवलं? मी मुकाट्याने केळी उपटत होते आणि अक्का सांगतील ते पेरत होते. पुण्याच्या कंपनीने उपग्रहावरून आणलेला नकाशा त्या बाईने पाऊण तासात दुरुस्त केला. पुढे आमची तपासणी झाली त्यात पास झालो, ते याच नकाशावर. पण ते सोडा.

"हं," अक्का म्हणाल्या. "आते बरोबर शे. आते लाव."

नाना भिंतीला टेकून उभे होते. "राहू द्या, ताई," म्हणाले. "नका लावू." ते घाबरले होते. शत्रूला न घाबरलेला माणूस, पण परत काहीच झालं नाही तर, याला घाबरला होता. मलाही धडकी भरली, खोटं कशाला बोलू?

अक्कांनी त्यांच्याकडे बघितलं, आणि लॅपटॉप स्वतःच्या मांडीवर ओढला. "तुम्ही नका दाबू. मी दाबस. काय बोलनं पडी?"

"काहीही," मी म्हटलं. "बटण दाबलं की बोलल्यासारखंच."

पण अक्का बोलल्याच. त्यांनी बटण दाबलं आणि पडद्याला म्हणाल्या, "निरोप मियना." म्हणजे निरोप मिळाला.

पहिली रेषा निघाली. मग दुसरी. तिसरी नदीच्या पलीकडून. तिन्ही सरसर डोंगरावर चढल्या आणि गाडीवर येऊन एकमेकींना कापून गेल्या. लाल टिंब लुकलुकायला लागलं. दोन शब्दांचं काम, चहाचा घोट गिळायलाही त्याहून जास्त वेळ लागतो.

अक्का हटल्या नाहीत. "जास्ती बोलनू मी. एकच शबद." एक शब्द. सापडल्या. "हयू बोलसु." मी जोर कमी केला. सापडल्या. इतका कमी केला की चौक्यांना ऐकू येईना, पण मग मागच्या आपल्या लोकांनाही येईना. गाडी डोंगराच्या पाठीमागे नेली, तिथे निरोपच पोचेना. दुसऱ्या टेकडीवर नेली, सापडल्या. अकरा वेळा केलं त्यांनी. आमच्या ऑफिसातला कोणी इतक्या चिकाटीने प्रोग्रॅम तपासत नाही. प्रत्येक वेळी तीन रेषा आणि लाल टिंब.

बाराव्या वेळी बोट बटणावर तसंच राहिलं. "हाई टिंब दिसनं म्हंजे मंग काय व्हस?"

मी नानांकडे बघितलं.

"तोफ," नाना म्हणाले.

"कितला जन व्हतात गाडीमा?"

"माझ्यासकट पाच."

अक्कांनी लॅपटॉप मांडीवरून उचलून सतरंजीवर ठेवला, फार जपून. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, तिचं गाणं लांबपर्यंत ऐकू येत राहिलं.

"पोरगी व्हयनी हाई तुमले कव्हय समजनं?"

"त्याच दिवशी. संध्याकाळी." नाना खाली बसले. "आम्ही उत्तर देऊ शकत नाही, म्हणून मागचे लोक प्रत्येक निरोप दोनदा वाचतात. परत सांगा, असं विचारता येत नाही ना. पहिल्यांदा वाचलं, मुलगी, दोघी ठीक. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मग म्हणाले, पुन्हा सांगतो. तेव्हा मी हेडफोन दोन्ही हातांनी कानावर दाबून धरला."

"मंग?"

"मग चौघांना सांगितलं. पेढे कुठले? चहाची साखर होती, ती सगळ्यांनी बोटभर चाटली. एकाने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की दोन दिवस दुखत होतं."

अक्कांचे डोळे भरले आणि त्या एकदम भडकल्या. "मंग हाई काब्र नही सांगं इतला वरीस?"

"सांगितलं होतं की. हुकूम होता म्हणून."

"हुकूम सांगा व्हता!" अक्का ओरडल्या. "हुकूमच सांगा व्हता तुम्ही! साखर कोठे सांगी व्हती?"

खरंच, साखर त्यांनी कोणालाच सांगितली नव्हती. त्यांच्या लेखी ती सांगण्यासारखी गोष्टच नव्हती. मी आपली पिशवीचा बंद ओढत बसले, कारण मला रडू येत होतं आणि परक्या घरात रडायची मला लाज वाटते.

अक्कांनी पदराने नाक पुसलं, फोन उचलला, नाशिकला लेकीला लावला, स्पीकर चालू केला आणि तो नानांच्या हातात कोंबला. "बोला."

"हां आई, बँकेत आहे, पटकन सांग," पलीकडून आवाज आला.

"मी बोलतोय," नाना म्हणाले.

"बाबा? तुम्ही? काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. सगळं बरं आहे." नानांनी अक्कांकडे बघितलं. अक्का हाताने खुणावत होत्या, बोला, बोला. "निरोप मिळाला, ते सांगायला फोन केला."

"कसला निरोप, बाबा?"

"तू झालीस, त्याचा."